भुकेल्यांसाठीचा पैसा : धान्य द्यावे की रोकड?

दुष्काळात भुकेल्याला अन्न द्यावे, याविषयी जगात कोठेही दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते त्यापुढील प्रश्नांवर. ते अन्न कोठून खरेदी करावे? कोणाच्या हातून आणि केव्हा पोचवावे? धान्याच्या पोत्यांच्या रूपात द्यावे की रोख पैशाच्या? देणाऱ्याची भावना शुद्ध असली, तरी या प्रश्नांची उत्तरे चुकली तर मदत उशिरा पोचते, महाग पडते, आणि कधी कधी ज्याला हात द्यायचा त्याच शेतकऱ्याचा बाजार मोडते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आवक-जावक, तेजी-मंदी आणि उधारी-वसुलीची भाषा बोलली जाते, त्या वाचकांना हा विषय कदाचित अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षाही लवकर उमगेल.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे भुकेली होती. आफ्रिका खंडात हे प्रमाण दर पाच माणसांमागे एकाहून अधिक आहे. या भुकेच्या निवारणासाठी श्रीमंत राष्ट्रांची सरकारे, जागतिक बँक, रोम येथे मुख्यालय असलेला जागतिक अन्न कार्यक्रम आणि अनेक खासगी प्रतिष्ठाने दरवर्षी अब्जावधी डॉलर खर्च करतात. हा पैसा प्रत्यक्षात कसा वागतो, हे समजून घेण्यासाठी एका देशाचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहणे पुरेसे आहे. तो देश म्हणजे इथिओपिया.

बाजारात धान्य, घरात उपास

१९७३ च्या सुमारास इथिओपियाच्या ईशान्येकडील वोलो प्रांतात भीषण दुष्काळ पडला. हजारो माणसे भुकेने मेली. पुढे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी या दुष्काळाचा अभ्यास १९८१ साली ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट समोर आली. संपूर्ण देशाचे धान्य उत्पादन त्या काळात फारसे घटलेले नव्हते. वोलोच्या मुख्य बाजारपेठेत धान्याचे भावही विशेष चढलेले नव्हते. उलट काही धान्य त्या प्रांतातून बाहेर जात होते.

व्यापाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. माल तेथेच जातो जेथे गिऱ्हाइकाच्या हाती पैसा असतो. वोलोतील शेतकऱ्याचे पीक बुडाले, जनावरे मेली किंवा मातीमोल भावाने विकली गेली. त्यामुळे त्याची खरेदीशक्तीच संपली. भाव चढले नाहीत, कारण मागणी नोंदवायला त्याच्या गाठीला काही उरले नव्हते. पोटात भूक होती, परंतु बाजाराच्या दृष्टीने ते गिऱ्हाईकच राहिले नव्हते.

या निष्कर्षातून मदतीचा एक वेगळा विचार पुढे आला. बाजारात धान्य आहे आणि माणसाजवळ पैसा नाही, अशा ठिकाणी समुद्रापलीकडून धान्य आणण्यापूर्वी त्याच्या हाती पैसा देता येईल काय, हे आधी पाहिले पाहिजे. मात्र हा विचार धोरणात उतरायला आणखी दोन तपे जावी लागली. मधल्या काळात १९८४-८५ चा दुष्काळ आला. दुष्काळाला गृहयुद्धाची जोड मिळाली आणि लाखो माणसे दगावली. त्या दृश्यांनी जग हेलावले, मदतीचा ओघ सुरू झाला, आणि तेव्हापासून दरवर्षी धान्याच्या मदतीसाठी आवाहन करणे हा इथिओपियाचा जणू वार्षिक रिवाज होऊन बसला.

भाव कोसळला आणि दुष्काळ आला

२००० नंतरचे दोन हंगाम इथिओपियात उत्तम गेले. सुधारित बियाणे आणि खते यांमुळे मक्याचे भरघोस पीक आले. परंतु साठवणुकीची कोठारे अपुरी, रस्ते खराब, व्यापाऱ्यांजवळ भांडवल तुटपुंजे आणि निर्यातीची सोय नाही. २००२ च्या आरंभी मक्याचे भाव सुमारे ८० टक्क्यांनी कोसळले. काढणीची मजुरीसुद्धा सुटेना, म्हणून शेतकऱ्यांनी पीक शेतातच सोडून दिले. इथिओपियाच्या अर्थतज्ज्ञ एलेनी गाब्रे-मधिन यांच्या हिशेबाप्रमाणे असे तीन लाख टनांहून अधिक धान्य शेतात कुजले.

त्यानंतर सहा महिने होण्याच्या आत पावसाने पाठ फिरवली आणि सरकारने जगाला कळवले की सुमारे एक कोटी चाळीस लाख लोकांवर उपासमारीचे सावट आहे. मागील हंगामात हात पोळलेल्या शेतकऱ्याने पुढील पेरणीत बियाणे आणि खतावर खर्च कमी केला होता. त्यात दुष्काळ. ज्या देशात सहा महिन्यांपूर्वी धान्य कुजत होते, त्याच देशाच्या दिशेने मग दूरदेशीचे धान्य बोटींतून निघाले. त्याच सुमारास ज्या भागांत पीक बरे आले होते, तेथील काही शेतकरी आणि व्यापारी आपली कोठारे दाखवून विचारत होते की आमचा माल आधी का घेत नाही?

बोटीचे भाडे कोण देतो?

याचे उत्तर देणाऱ्या देशाच्या कायद्यात होते. अमेरिकेची अन्नमदत १९५४ च्या कायद्यापासून सुरू झाली. आपल्याकडे तो 'पी. एल. ४८०' या नावाने परिचित आहे. साठच्या दशकात भारताने याच कायद्यान्वये गहू घेतला. महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी अजून आठवत असेल. या मदतीत दोन अटी होत्या. धान्य मुख्यतः अमेरिकन शेतकऱ्याकडूनच घ्यायचे, आणि त्याचा मोठा हिस्सा अमेरिकेचा ध्वज असलेल्या जहाजांतूनच पाठवायचा. हा हिस्सा १९८५ च्या कायद्याने ७५ टक्के केला गेला. २०१२ मध्ये तो पुन्हा ५० टक्क्यांवर आणला गेला.

परिणाम काय झाला, हे अमेरिकेच्याच संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तपासले. २००७ च्या त्याच्या अहवालानुसार तेथील सर्वांत मोठ्या अन्नमदत कार्यक्रमात खर्च होणाऱ्या दर १०० डॉलरपैकी सुमारे ६५ डॉलर धान्याखेरीज इतर गोष्टींवर, म्हणजे वाहतूक, हाताळणी आणि व्यवस्थापन यांवर जात होते. २००९ च्या दुसऱ्या अहवालात या कार्यालयाने आफ्रिकेतील दहा देशांची तुलना केली. अमेरिकेतून धान्य पोचायला सरासरी १४७ दिवस लागत. तेच धान्य त्याच देशात खरेदी केल्यास सुमारे ३५ दिवस आणि शेजारच्या देशात खरेदी केल्यास सुमारे ४१ दिवस पुरत. स्थानिक खरेदी सुमारे एक-तृतीयांशाने स्वस्तही पडत होती.

१४७ दिवस म्हणजे जवळजवळ पाच महिने. उपाशी कुटुंबाच्या पंचांगात पाच महिन्यांचा अर्थ काय होतो? पहिल्या महिन्यात ते जेवण कमी करते. दुसऱ्यात शेळ्या विकते. तिसऱ्यात बैल विकतो, चौथ्यात बियाण्याचे धान्य खाल्ले जाते. पाचव्या महिन्यात बोट बंदराला लागते तेव्हा माणूस कदाचित वाचतो, परंतु पुढील वर्षी शेती करण्याचे त्याचे सारे साधन गेलेले असते. तो पुढील वर्षीही मदतीच्या रांगेत उभा राहणार, हे त्याच क्षणी ठरते.

आणखी एक प्रथा होती. काही सेवाभावी संस्थांना अमेरिका रोख रकमेऐवजी धान्यच देई. या संस्था ते गरीब देशाच्या बाजारात विकत आणि आलेल्या पैशातून आपले प्रकल्प चालवत. २००७ साली 'केअर' या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जाहीर केले की हे आपण क्रमाने बंद करू. असे स्वस्त धान्य बाजारात ओतल्याने स्थानिक शेतकऱ्याचे नुकसान होण्याचा धोका आहे, असे तिचे म्हणणे होते. या निर्णयामुळे तिला वर्षाला सुमारे साडेचार कोटी डॉलरवर पाणी सोडावे लागणार होते. येणारे दान आपल्या हेतूला बाधक आहे म्हणून नाकारण्याची ही घटना सेवाकार्याच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

युरोपीय संघाने १९९६ पासूनच स्थानिक खरेदीची वाट मोकळी केली होती. कॅनडाने २००८ मध्ये स्वदेशी धान्याचीच अट पूर्णपणे काढून टाकली. अमेरिकेत मात्र शेतकरी, जहाज कंपन्या आणि काही संस्था यांचे हितसंबंध गुंतल्याने बदल अत्यंत सावकाश झाला.

आधी ठरलेली मदत

२००५ मध्ये इथिओपियाने मदतीची रीतच बदलायचे ठरवले. जागतिक बँक, युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड अशा अनेक दात्यांना एकत्र आणून एक उत्पादक सुरक्षा योजना सुरू झाली. आरंभी सुमारे पन्नास लाख लोक तिच्यात सामील होते. पुढे ही संख्या सत्तर-ऐंशी लाखांपर्यंत गेली.

योजनेचा गाभा सोपा होता. ज्या कुटुंबांना दरवर्षी काही महिने धान्य कमी पडते हे ठाऊकच आहे, त्यांच्यासाठी दरवर्षी नव्याने भिक्षापात्र का फिरवावे? दात्यांनी अनेक वर्षांची तरतूद आधीच करावी. कुटुंबातील धडधाकट माणसांनी बांधबंदिस्ती, तळी, रस्ते अशी कामे करावीत आणि वर्षातील सहा महिने ठरलेला मोबदला रोख किंवा धान्याच्या रूपात घ्यावा. वृद्ध, आजारी आणि गर्भवतींना कामाची अट नसावी. ठरलेल्या काळात ठरलेली रक्कम येणार, एवढी खात्री असली की शेतकरी बैल विकत नाही, सावकाराकडे जात नाही.

महाराष्ट्राच्या वाचकांना ही कल्पना अनोळखी वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे दुष्काळी कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. आपल्या पेढीवरून आजही जो व्यवसाय कर भरला जातो, त्याचे मूळ दुष्काळग्रस्ताच्या हाताला काम देण्यात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्राने हा पैसा आपल्याच नोकरदार आणि व्यावसायिकांकडून उभा केला. इथिओपियाला तो बाहेरून आणावा लागला. तत्त्व मात्र एकच आहे.

इथिओपियातील योजनेचे फळ पाहणीतून दिसले. ज्या कुटुंबांना नियमित मोबदला मिळाला, त्यांचे अन्नटंचाईचे महिने घटले. २०१५-१६ मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ पडला आणि एक कोटीहून अधिक लोकांना जादा मदतीची गरज निर्माण झाली. या वेळी सरकारने स्वतःच्या तिजोरीतूनही मोठा खर्च केला, आधीच उभी असलेली यंत्रणा कामाला लावली, आणि १९८४ ची पुनरावृत्ती झाली नाही.

रोकडीच्या मर्यादा

एवढ्यावरून रोकड हाच रामबाण उपाय आहे असे समजणे घाईचे होईल. २००८ मध्ये जगभर धान्याचे भाव कडाडले. इथिओपियात रोख मोबदला घेणाऱ्यांच्या लक्षात आले की काल जेवढ्या पैशात पोतेभर धान्य येई, तेवढ्यात आता अर्धेही येत नाही. ज्यांना धान्य मिळत होते त्यांचे पोट भरत होते. त्यामुळे अनेक कुटुंबे पुन्हा धान्यच मागू लागली. दूरच्या डोंगराळ भागात, जेथे बाजारच भरत नाही किंवा एखादाच दुकानदार आहे, तेथे पैसा वाटला तर केवळ भाव वाढतो. युद्धभूमीत तर पैसा आणि धान्य दोन्ही अडकतात. २०२० ते २०२२ या काळात तिग्राय प्रांतातील युद्धाने हे दाखवून दिले.

म्हणून धान्य की रोकड, याचे उत्तर त्या त्या बाजाराची नाडी पाहून द्यावे लागते. बाजारात माल आहे आणि भाव स्थिर आहे, तेथे रोकड. माल आहे पण जरा दूर आहे, तेथे जवळच्या जिल्ह्यातून किंवा शेजारच्या देशातून खरेदी. मालच नाही, तेथे बोट. आज जागतिक अन्न कार्यक्रम मदतीपूर्वी बाजारांची पाहणी करतो, ती याच हेतूने.

कोठार, पावती आणि भाव

शेतात कुजलेल्या मक्याने दुसरा धडा दिला होता. केवळ वाटप करून भूक हटत नाही. शेतकऱ्याचा माल खपण्याची सोयही व्हावी लागते. इथिओपियातील व्यापारी अनोळखी माणसाशी व्यवहार करायला कचरत, कारण मालाची प्रत पोते उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास नसे आणि पैसे बुडण्याचे भय असे. एलेनी गाब्रे-मधिन यांच्या पुढाकाराने २००८ च्या एप्रिलमध्ये अदिस अबाबा येथे कृषिमाल विनिमय बाजार सुरू झाला. माल वखारीत आणायचा, त्याची प्रतवारी व्हायची, वखारीची पावती मिळायची, त्या पावतीवर सौदा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या खात्यात रक्कम जमा व्हायची. या संस्थेलाही परदेशी दात्यांचे पाठबळ होते. पुढे तेथील उलाढाल मुख्यतः कॉफी आणि तिळाची झाली. मका-गव्हाचा वाटा लहानच राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी जागतिक अन्न कार्यक्रमाने वीस देशांत एक प्रयोग आरंभला. मदतीसाठी लागणारे धान्य मोठ्या व्यापाऱ्यांकडूनच न घेता लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संघांकडून घ्यायचे. गेट्स प्रतिष्ठान आणि हॉवर्ड बफे प्रतिष्ठान यांनी त्याला आर्थिक साहाय्य केले. इथिओपियात संघांशी पेरणीच्या काळातच पुढील खरेदीचे करार झाले आणि त्या करारांच्या आधारावर बँकांनी संघांना कर्ज दिले. अडचणीही आल्या. खुल्या बाजारात भाव चढला की काही संघ करार मोडून माल दुसरीकडे विकत. व्यापारात शब्द पाळण्याची सवय एका हंगामात रुजत नाही. पण प्रतवारी, कोरडा माल, वेळेवर भरणा या शिस्ती ज्या संघांत रुजल्या, त्यांना पुढेही गिऱ्हाइके मिळाली.

वहीतील गळती

२०२३ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने इथिओपियातील अन्नवाटप थांबवले. मदतीचे धान्य भुकेल्यांपर्यंत न पोचता मोठ्या प्रमाणावर बाजारात आणि पिठाच्या गिरण्यांत जात असल्याचे आढळले होते. कित्येक महिने वाटप बंद राहिले. लाभार्थी निवडण्याची आणि नोंदणीची रीत बदलल्यावर वर्षाच्या अखेरीस ते हळूहळू पुन्हा सुरू झाले. चोरी करणारे वेगळे आणि उपाशी राहिलेले वेगळे, हे या प्रकरणातील सर्वांत मोठे दुःख होय. हिशेब ढिला ठेवल्याची किंमत हिशेब न ठेवणारा देत नाही. ती रांगेतील शेवटचा माणूस देतो.

आटणारा झरा

जागतिक अन्न कार्यक्रमाला कोणत्याही राष्ट्राकडून बंधनकारक वर्गणी मिळत नाही. त्याचा सारा खर्च ऐच्छिक देणग्यांवर चालतो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२० मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या संस्थेला २०२२ मध्ये सुमारे १४ अब्ज डॉलर मिळाले. त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या अमेरिकेचे होते. पुढील वर्षी ही रक्कम ८ अब्जांच्या आसपास आली. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली विदेशी मदतसंस्थाच गुंडाळली. १ जुलै २०२५ पासून तिचे काम अधिकृतपणे थांबले. १९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळानंतर उभारलेली, टंचाईची आगाऊ सूचना देणारी यंत्रणाही त्या वर्षाच्या आरंभी काही महिने बंद पडली होती.

एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या दुकानाचे काय होते, हे आपण जाणतो. भुकेल्यांच्या बाबतीत मात्र दुकान बंद करून दुसरा धंदा शोधण्याची मुभा नसते. रकमा घटल्या की शिधा अर्धा होतो, मग नावे गाळली जातात. कोणाचे नाव ठेवावे आणि कोणाचे गाळावे, हे ठरवण्याचे काम क्षेत्रातील कर्मचाऱ्याच्या वाट्याला येते.

पैसा कमी झाला म्हणजे तो कसा खर्च होतो याचे महत्त्व दुप्पट होते. जो पैसा वेळेवर, जवळच्या बाजारातून, आधी ठरवून आणि चोख हिशेबाने खर्च होतो, तो थोडा असला तरी अधिक माणसे जगवतो. इथिओपियाच्या पन्नास वर्षांच्या अनुभवाचा हाच ताळेबंद आहे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे देशातील वा परदेशातील अन्नदानाच्या कार्याला देणगी देतात. देताना चार प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ते विचारणे हे दात्याचे कर्तव्यही आहे. धान्य कोठून घेतले जाते? गरज उद्भवल्यापासून ते हाती पडेपर्यंत किती दिवस लागतात? दर शंभर रुपयांतले किती प्रत्यक्ष ताटात जातात? आणि या मदतीने त्या भागातील शेतकऱ्याचा व दुकानदाराचा बाजार उभा राहतो की बसतो? ज्या संस्थेजवळ या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत तयार असतील, तिच्या हाती आपला रुपया निर्धास्तपणे सोपवावा.